एक अक्षर कमी, एक अक्षर अधिक

सौराष्ट्रातील गिरनार पर्वतावरील चंद्रगुफेत आचार्य धरसेन वास करीत होते. वय झाले होते, आणि पूर्वज्ञानाचा जो अंश त्यांच्या स्मरणात होता तो आपल्यामागे लुप्त होईल, ही चिंता त्यांना ग्रासत होती. महिमानगरीत एकत्र आलेल्या मुनिसंघाला त्यांनी पत्र पाठविले. संघाने दोन समर्थ मुनी निवडून गिरनारकडे रवाना केले. तेच पुढे पुष्पदंत आणि भूतबली या नावांनी प्रसिद्ध झाले. आचार्यांनी त्यांना लगेच शिकविण्यास प्रारंभ केला नाही. प्रत्येकाला एकेक मंत्रविद्या दिली आणि दोन दिवसांचा उपवास करून ती सिद्ध करण्यास सांगितले. एका विद्येत एक अक्षर कमी होते, दुसरीत एक अक्षर अधिक. हे आचार्यांनी जाणूनबुजून केले होते. शिष्यांना मात्र त्याची कल्पना नव्हती.

साधना पूर्ण झाली तेव्हा दोघांसमोर देवता प्रकट झाल्या. एकीचे दात ओठांबाहेर आलेले, दुसरी एका डोळ्याने अंध. देवतांचे रूप विकृत असू शकत नाही, तेव्हा दोष आपल्या मंत्रातच असला पाहिजे, असा विचार दोघांनी केला. मंत्रशास्त्राच्या नियमांच्या आधारे त्यांनी अक्षरे तपासली, कमी होते ते घातले, अधिक होते ते काढले आणि पुन्हा जप केला. देवता आपल्या मूळ सुंदर रूपात प्रकट झाल्या. हा वृत्तांत त्यांनी नम्रपणे गुरूंना सांगितला, आणि त्यानंतरच अध्यापन सुरू झाले. त्या अध्यापनातून षट्खंडागम हा ग्रंथ सिद्ध झाला. तो पूर्ण झाल्याची तिथी, ज्येष्ठ शुद्ध पंचमी, दिगंबर परंपरेत श्रुतपंचमी म्हणून आजही पाळली जाते.

ही कथा वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्ण केलेल्या धवला टीकेत सांगितली आहे. श्रद्धाळू मन तिच्यातील देवतांकडे पाहते. शिक्षकाच्या नजरेने पाहणाऱ्याला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. आजच्या भाषेत बोलायचे तर ही शुद्धलेखनाची परीक्षा होती, आणि तिची रीत आजच्या स्पर्धांहून अगदी वेगळी होती. प्रश्नपत्रिकाच चुकीची होती. पहिल्या प्रयत्नात चूक होऊ नये, अशी अपेक्षा तिथे नव्हती. चुकीचा परिणाम समोर आल्यावर ती चूक कुठे आहे हे ज्याला स्वतः शोधता येते, तो शिष्य ज्ञान सांभाळण्यास पात्र, हा त्या परीक्षेचा निकष होता.

जैन परंपरेत अक्षराची ही काळजी एका कथेपुरती नाही. ज्ञानाचाराची जी आठ अंगे दोन्ही संप्रदायांत सांगितली जातात, त्यांत काल, विनय, बहुमान यांच्या जोडीने व्यंजन, अर्थ आणि तदुभय ही तीन अंगे येतात. व्यंजन म्हणजे अक्षर शुद्ध असणे, अर्थ म्हणजे आशय बरोबर समजणे आणि तदुभय म्हणजे दोन्ही एकत्र साधणे. प्राचीन आचार्यांनी यांना एकच मानले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अक्षर बिनचूक पण अर्थ ठाऊक नाही, किंवा अर्थ ठाऊक पण अक्षर ढिले, असे दोन्ही प्रकार त्यांच्या परिचयाचे असले पाहिजेत. प्रतिक्रमणात ज्ञानाच्या ज्या चौदा अतिचारांचे स्मरण केले जाते, त्यांतही हीनाक्षर आणि अत्यक्षर हे दोन दोष स्वतंत्रपणे मोजले आहेत. म्हणजे धरसेनाचार्यांनी ज्या दोन चुका मुद्दाम केल्या, त्यांबद्दल सामान्य श्रावक आणि श्राविका आजही नित्य क्षमा मागतात. अक्षराच्या चुकीसाठी पश्चात्ताप सांगणाऱ्या परंपरा जगात फार नसाव्यात.

एका अक्षराने काय घडू शकते याची दुसरी कथा श्वेतांबर साहित्यात आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी परिशिष्टपर्वात ती सविस्तर सांगितली. सम्राट अशोकाचा पुत्र कुणाल उज्जयिनीत वाढत होता. तो आठ वर्षांचा झाला तेव्हा कुमाराने आता अध्ययन सुरू करावे, अशा आशयाचे पत्र अशोकाने प्राकृतात लिहिले. त्यातील शब्द होता अधीयउ. सावत्र आईने पहिल्या अक्षरावर एक बिंदू दिला आणि शब्द झाला अंधीयउ, म्हणजे अंध व्हावे. पत्र वाचणाऱ्याच्या तोंडून शब्द फुटेना. कुणालाने ते स्वतः वाचले आणि पित्याची आज्ञा मानून आपले डोळे गमावले. पुढे याच कुणालाचा पुत्र संप्रती राजा झाला. जैन धर्माच्या प्रसारासाठी त्याचे नाव आदराने घेतले जाते. ही कथा इतिहासाच्या कसोटीवर किती टिकते, हा वेगळा प्रश्न आहे. बौद्ध ग्रंथांत कुणालाची कथा आहे. तिचा तपशील निराळा आहे. तरीही शिक्षणाची आज्ञा एका अनुस्वाराने अंधत्वाची आज्ञा झाली, ही कल्पना ज्या समाजाने शतकानुशतके जतन केली, त्याला लेखनातील बिंदूचे मोल कळले होते, एवढे निश्चित म्हणता येते.

मराठी माणसाला या ठिकाणी ‘ध चा मा’ आठवल्याशिवाय राहणार नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. रघुनाथरावांच्या पत्रातील ‘धरावे’ या शब्दाचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, असे लोक सांगत आले. याला कागदोपत्री पुरावा नाही, आणि इतिहासकारांनी ही कथा मान्य केलेली नाही. म्हण मात्र भाषेत रुजून बसली.

व्यापारी घराण्यांत याच प्रकारची एक विनोदी कथा प्रचलित आहे. राजस्थानातून खानदेशात येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांच्या जुन्या वह्या महाजनी लिपीत लिहिलेल्या असत. ही लिपी लिहिण्यास भरभर, पण काना-मात्रा गाळणारी. लिहिणाऱ्याने ‘काकाजी अजमेर गये’ असे लिहिले; वाचणाऱ्याने ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले. पुढे ‘बडी बही भेजना’ असे होते, म्हणजे मोठी खातेवही पाठवा. तेथे ‘बडी बहू भेजना’ असा अर्थ लागला आणि थोरल्या सूनबाई रडत-रडत गाडीत बसल्या. ही गोष्ट घरोघरी थोड्या फरकाने सांगितली जाते. हसू येते खरे. पण ज्यांचा सारा व्यवहार लेखी शब्दावर चालत होता, त्यांनी स्वतःच्या लिपीवर केलेली ही टीकाही आहे.

मराठीचा इतिहासही याबाबतीत फार निराळा नाही. राज्यकारभाराची मोडी लिपी ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळत नसे. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील फरक संदर्भावरून कळावा, एवढीच अपेक्षा होती. पोथ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या बाळबोध लिपीत हा भेद होता, परंतु लेखकागणिक त्यात फरक पडे. जिल्ह्यातच याचा प्राचीन पुरावा आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्याविषयीचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तेथे आढळला. लेख मुख्यतः संस्कृत असून अखेरच्या ओळी मराठीत आहेत. आजच्या शाळकरी मुलाला त्या ओळी वाचून दाखविल्या तर त्याला त्या परक्या भाषेतील वाटतील, आणि आजच्या नियमाने तपासल्या तर लाल रेघांनी भरून जातील. त्याच डोंगररांगेत नागार्जुन कोठडी नावाची जैन लेणीही आहे. शुद्धलेखन काळाबरोबर बदलत असते, हे समजावून सांगण्यासाठी मुलांना दूर कुठे नेण्याची गरज नाही.

काटेकोर नियमांची गरज भासली ती छापखाना आल्यावर. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये आले. शाळाखात्याची क्रमिक पुस्तके हजारोंच्या संख्येने छापली जाऊ लागली, तेव्हा एक शब्द एकाच रीतीने लिहिणे भाग पडले. त्यानंतर वाद सुरू झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी साने, गोडबोले आणि हातवळणे यांनी लेखन उच्चाराच्या जवळ आणण्याचा आग्रह धरला. लोकमान्य टिळकांनी १९०४ मध्ये केसरीतून त्यांचा परखड समाचार घेतला. राजकारणात अखंड बुडालेला नेता ऱ्हस्व-दीर्घासाठी लेखणी झिजवतो, ही गोष्ट आज नवलाची वाटते. हा प्रश्न बरीच वर्षे तसाच राहिला. अखेर मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम १९६२ मध्ये मान्य झाले, आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडून त्यांची संख्या अठरा झाली.

या नियमांमुळे काय बदलले, ते कोणत्याही जुन्या घरातील कागदपत्रांत दिसते. आजोबा ‘नांव’, ‘घरांत’, ‘त्यानें’ असे अनुस्वार देऊन लिहीत. ‘कवि’, ‘गुरु’, ‘बुद्धि’ असे ऱ्हस्व लिहीत. नातू ‘नाव’, ‘घरात’, ‘त्याने’, ‘कवी’, ‘गुरू’, ‘बुद्धी’ असे लिहितो. दोघेही आपापल्या काळी शुद्धच लिहीत होते. आजोबांच्या वहीत चुका काढणाऱ्या नातवाला हे कोणी तरी सांगितले पाहिजे.

यांतील एक नियम जैन मुलांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार मराठीत दीर्घ लिहितात; परंतु तोच तत्सम शब्द समासाच्या पूर्वपदी आला तर मूळ ऱ्हस्व रूप राहते. म्हणून ‘शांती’, पण ‘शांतिनाथ’; ‘सुमती’, पण ‘सुमतिनाथ’; ‘मुनी’, पण ‘मुनिसुव्रत’. सुविधिनाथ, कुंथुनाथ, मल्लिनाथ, नमिनाथ, नेमिनाथ ही नावेही याच नियमात बसतात. चोवीस तीर्थंकरांपैकी आठांची नावे या एका नियमाने बिनचूक लिहिता येतात. नवव्या तीर्थंकरांना पुष्पदंत म्हणणाऱ्यांसाठी ही संख्या सात होते. तरीही विवाहपत्रिकांपासून संगमरवरी पाट्यांपर्यंत ‘शांतीनाथ’ सर्रास आढळते. ‘तिर्थंकर’, ‘आर्शिवाद’, ‘उज्वल’ हे त्याचेच सोबती. संवत्सरीनंतर घरोघरी जाणाऱ्या क्षमापनेच्या पत्रांवर ‘मिच्छामी दुक्कडम्’ असे छापलेले असते. वास्तविक तेथे तीन शब्द आहेत, मिच्छा, मि आणि दुक्कडं. माझे दुष्कृत मिथ्या होवो, हा त्यांचा अर्थ. पहिले दोन शब्द जोडून शेवटी दीर्घ ‘मी’ लिहिला की मराठी डोळ्याला तो सर्वनामासारखा दिसतो आणि मूळ अर्थ झाकला जातो. क्षमेच्या पत्रातच अत्यक्षर दोष घडावा, हे गमतीचे असले तरी गंभीर आहे.

आता प्रश्न असा की, मुलांच्या शुद्धलेखन स्पर्धा घेऊन यात काही साधते का?

अशा स्पर्धांचे सर्वांत गाजलेले रूप अमेरिकेत पाहायला मिळते. नोआ वेब्स्टर यांनी १७८३ मध्ये वर्णलेखनाचे पुस्तक काढले. त्याच्या आधाराने खेडोपाडीच्या शाळांतून स्पेलिंगच्या लढती रंगू लागल्या. १९२५ मध्ये नऊ वृत्तपत्रांनी मिळून वॉशिंग्टन येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरविली. फ्रँक न्यूहाउझर हा मुलगा ‘ग्लॅडिओलस’ या फुलाचे नाव अचूक सांगून जिंकला. १९८५ मध्ये बालू नटराजन हा भारतीय वंशाचा पहिला विजेता ठरला. त्यानंतर भारतीय कुटुंबांतील मुलांनी या स्पर्धेवर आपली छाप उमटविली. २०१९ मध्ये तर शब्द संपत आले तरी मुले हरेनात, म्हणून आठ जणांना संयुक्त विजेते घोषित करावे लागले. त्यांत सोहम सुखटणकर हे मराठी कानाला ओळखीचे वाटणारे नाव होते. १९८९ मध्ये भारतीय मंडळींनी तेथे स्थापन केलेल्या नॉर्थ साउथ फाउंडेशनच्या स्पर्धांतून यांपैकी अनेक मुले तयार झाली. ही संस्था भारतातील गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्याही देते.

या स्पर्धेत मुलांना शब्दाचा अर्थ विचारण्याची, तो कोणत्या भाषेतून आला हे विचारण्याची आणि तो वाक्यात ऐकण्याची मुभा असते. नवख्याला ही पळवाट वाटते, प्रत्यक्षात स्पर्धेचे खरे शिक्षण तेथेच आहे. शब्द ग्रीक आहे की फ्रेंच, हे कळले की त्याचे वर्ण कसे असतील याचा अंदाज मूल बांधते. मराठीतही तेच आहे. ‘फूल’, ‘खीर’, ‘वकील’ यांत अखेरच्या अक्षराआधीचा स्वर दीर्घ. ‘गुण’, ‘विष’, ‘मधुर’ यांत तो ऱ्हस्व, कारण हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले. ‘दीपक’ मध्ये मात्र दीर्घ, कारण मूळ ‘दीप’ दीर्घ आहे. दीपनगरच्या मुलांनी तरी येथे चुकू नये. ऱ्हस्व-दीर्घ पाठ करणारे मूल दमून जाते. शब्दाचे कुळ विचारणारे मूल दमत नाही, कारण प्रत्येक शब्दामागे त्याला एक गोष्ट सापडते. ‘पिक’ म्हणजे कोकीळ आणि ‘पीक’ म्हणजे कपाशी-केळीचे, हे एकदा कळले की खानदेशातील शेतकऱ्याच्या मुलाला त्यासाठी निराळा नियम पाठ करावा लागत नाही.

परंतु अमेरिकेतील पद्धतीचा दोषही तितकाच उघड आहे. एक चूक झाली की घंटी वाजते आणि मूल मंचावरून उतरते. चूक शोधून दुरुस्त करण्याला तेथे वाव नाही. धरसेनाचार्यांच्या परीक्षेत जेथे शिक्षणाला प्रारंभ झाला, नेमक्या त्याच क्षणी तेथे मुलाची स्पर्धा संपते. शिवाय शब्दाचा अर्थ ठाऊक नसतानाही वर्ण पाठ असले की पुढे जाता येत असे. २०२१ पासून तेथील आयोजकांनी मंचावरच शब्दार्थाचे प्रश्न विचारण्यास प्रारंभ केला. व्यंजनाला अर्थाची जोड हवी, हे ज्ञानाचाराच्या आठ अंगांत सांगितलेले सूत्र तेथे इतक्या उशिरा अनुभवातून गवसले, असे म्हणावयास हरकत नाही.

खानदेशात या स्पर्धांचा विचार करताना आणखी एक अवघड गोष्ट समोर येते. अहिराणी आणि लेवा गणबोली यांत ‘ळ’ च्या जागी ‘य’ येतो. शाळा ही शाया होते, डोळा हा डोया होतो. ‘ण’ आणि ‘न’ यांतील भेदही अनेक घरांत ऐकू येत नाही. पाणी हे पानीच असते. अशा घरातून आलेले मूल श्रुतलेखनाला बसते, तेव्हा घरी कानावर पडलेला आवाज आणि कागदावर अपेक्षित असलेले अक्षर यांत अंतर असते. पुण्यातील मुलाला जे आयते मिळते, ते या मुलाला मिळवावे लागते. त्याची चूक मोजताना हे विसरले, तर स्पर्धेतून लेखन सुधारत नाही. मूल बोलायलाही लाजू लागते. ही हानी गुणपत्रिकेत दिसत नाही आणि भरूनही येत नाही.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० मध्ये असोदे येथे झाला आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे त्यांचे निधन झाले. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून ठेवल्या. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव यांनी त्या आचार्य अत्रे यांना दाखविल्या, आणि १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्या छापताना ‘वढाय’ चे ‘वढाळ’ केले नाही, हे मराठीचे भाग्य. शाळेच्या नियमाने तपासले असते तर त्या पानांवर लाल शाईचा पूर आला असता. आज उत्तर महाराष्ट्रातील विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते.

जैन समाजाला तर बोलीचे हे मोल वेगळे सांगण्याचे कारण नाही. भगवान महावीरांनी उपदेश केला तो अर्धमागधीत, लोकांना समजेल अशा भाषेत. संस्कृतच्या नजरेने प्राकृताचा प्रत्येक शब्द ‘चुकलेला’ आहे; दुष्कृताचे दुक्कड झाले, मिथ्याचे मिच्छा झाले. तरीही त्याच प्राकृताच्या पाठात एक अक्षर कमी-अधिक होऊ नये, म्हणून साधूंनी हजार वर्षे जिवापाड काळजी घेतली. या दोन गोष्टींत विरोध नाही. बोली कोणतीही असो, तिच्यातील अक्षर ढिले पडता कामा नये, अशी ती दृष्टी होती. वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वीरनिर्वाण ९८० मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, आगम लिपिबद्ध झाले. तेव्हा दोन परंपरांचे पाठ जेथे जुळले नाहीत, तेथे एक पुसून टाकण्याऐवजी दुसरा पाठही नोंदवून ठेवण्यात आला. मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना ३ ऑक्टोबर २०२४ रोजी एकाच निर्णयाने अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा या जुन्या नात्याचा अनेकांना नव्याने प्रत्यय आला.

अशा उदार काटेकोरपणाची कसोटी पाहणारा एक शब्द तर प्रत्येक जैन मुलाला पहिल्याच दिवशी भेटतो. महामंत्राचा आरंभ काही ठिकाणी ‘णमो’ असा लिहितात, काही ठिकाणी ‘नमो’. स्पर्धेच्या परीक्षकाने कोणता शब्द चुकीचा ठरवावा? कोणताही नाही. शब्दाच्या आरंभी असलेल्या ‘न’ चा ‘ण’ विकल्पाने होतो, हे हेमचंद्राचार्यांनी आपल्या प्राकृत व्याकरणात सांगून ठेवले आहे. मुलाला हे कारणासह समजावले, तर नियमही कळतो आणि दुसऱ्या संप्रदायातील मित्राचे लेखन अशुद्ध नाही, हेही कळते.

दीपनगरसारख्या ठिकाणी या गोष्टींना वेगळे महत्त्व येते. भुसावळ तालुक्यातील ही औष्णिक वीज केंद्राची वसाहत आहे. शेजारी भुसावळचे रेल्वे जंक्शन, अलीकडे वरणगावचा आयुध कारखाना. अशा वसाहतींच्या शाळांत एकाच बाकावर वऱ्हाडी, खानदेशी, मराठवाडी आणि कोकणी ढंगाने बोलणारी मुले बसतात. कोणाच्या घरी मारवाडी असते, कोणाच्या गुजराती, तर रेल्वेच्या कुटुंबांत हिंदी. बोलण्यात एकाचे दुसऱ्याशी पूर्ण जुळत नाही. प्रमाण लेखन येथे कोणाच्याही घरचे नसते, म्हणूनच ते सर्वांचे होऊ शकते. मुले इंग्रजी माध्यमात जाऊ लागल्यापासून तर मराठीचा काना-मात्रा शाळेबाहेरच शिकण्याची वेळ अनेक घरांवर आली आहे. तेथे पाठशाळेतील किंवा मंडळातील एखादी स्पर्धा ही केवळ करमणूक राहत नाही. कित्येक मुलांसाठी वर्षातून मराठी हाताने लिहिण्याचा तोच एक प्रसंग असतो.

मुलांच्या लेखनाला थोडा वाव आणि थोडे कौतुक मिळाले तर काय घडते, याची उदाहरणे याच मातीत आहेत. अमळनेर येथे शिक्षक असताना साने गुरुजींनी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे याचा गौरव झाला आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही उपाधी दिली. तो मुलगा पुढे उणीपुरी अकरा वर्षेच जगला. मराठी निसर्गकवितेचा विचार आजही त्याला वगळून करता येत नाही. त्या दिवशी त्याच्या कवितेतील ऱ्हस्व-दीर्घ मोजत कोणी बसले नसावे.

तेव्हा स्पर्धा घ्यावी, पण गिरनारच्या रीतीने घ्यावी. मुलांना श्रुतलेखन देण्याऐवजी मुद्दाम चुका पेरलेला उतारा द्यावा. कोठे अक्षर कमी, कोठे अधिक, कोठे ‘शांतीनाथ’, कोठे ‘दिपक’. चूक शोधणाऱ्यास एक गुण असावा, आणि ती चूक का, हे सांगणाऱ्यास दोन. घरी ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलाने ‘डोळा’ लिहून दोन्ही शब्द कोठे चालतात हे सांगितले, तर त्याला तीन द्यावेत. एकटे बसवू नये. पुष्पदंत आणि भूतबली यांच्याप्रमाणे दोघा-दोघांना बसवावे. कार्तिक शुद्ध पंचमीची ज्ञानपंचमी असो किंवा ज्येष्ठातील श्रुतपंचमी, यासाठी तिथी शोधावी लागणार नाही. त्या दिवशी पाटावर वह्या-पुस्तके मांडली जातातच.

जुन्या ज्ञानभांडारांतील पोथ्या पाहिल्यास असे दिसते की लेखनिकांजवळ या दोन दोषांसाठी दोन साधने होती. अक्षर सुटले असेल तर त्या जागी कावळ्याच्या पायासारखी खूण, म्हणजे काकपद, करून ते अक्षर समासात लिहीत. अक्षर अधिक पडले असेल तर त्यावर हरताळाचा पिवळा लेप देऊन ते झाकीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार मराठीत तेथूनच आला. नक्कल करताना चुका होणारच, हे या लेखनिकांनी गृहीत धरले होते. षट्खंडागमाची धवला टीका मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरून नागरी लिपीत उतरली आणि नकलांच्या नकला होत शेजारच्या वऱ्हाडात पोहोचली. अमरावती येथे डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ मध्ये तिचा पहिला भाग संपादित करून प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्यापुढेही प्रश्न तोच होता, कोठे अक्षर सुटले आणि कोठे अधिक पडले. सोळा भाग पूर्ण होण्यास सुमारे दोन दशके लागली. ज्या पानावर पिवळे ठिपके अधिक आणि समासात काकपदे दाट, ते पान पाहून जुने जाणकार नाक मुरडत नसत. कोणी तरी ते पुन्हा एकदा वाचले आहे, हे त्यांना त्या खुणांवरून कळे.